३८३ स्ट्रोकर

शेवरोलेच्या ३५० घनइंची स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिनाच्या ब्लॉकमध्ये त्याच कुळातल्या ४०० घनइंची इंजिनाचा क्रँकशाफ्ट (पिस्टनची वर-खाली धाव फिरतीत बदलणारा दांडा, थोडक्यात क्रँक) बसवून केलेले इंजिन. क्षमता ३८३ घनइंच, म्हणजे सुमारे ६,२७० सीसी. ३५० इंजिन १९६७ साली शेवरोलेच्या कमॅरो गाडीबरोबर आले, ४०० इंजिन १९७० साली. दोन्हींचे भाग एकत्र आणण्याचे काम अमेरिकी हॉट-रॉड, म्हणजे जुन्या गाड्या वेगवान करणाऱ्या, कारागिरांनी केले. पुढे शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सनेही ३८३ तयार सुटे इंजिन म्हणून विकायला काढले.

इंजिन खोलले की क्षमता दोन वाटांनी वाढवता येते : सिलिंडर बोअर करून रुंद करायचा किंवा पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, लांबवायची. आपल्याकडच्या गॅरेजांना पहिली वाट चांगली परिचित आहे. झिजलेला सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकतात. पण तिने हाती फार लागत नाही. ३५० चा ४ इंची सिलिंडर ३० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाढवला तर जेमतेम ८६ सीसी मिळतात. त्यानंतर स्ट्रोक ३.४८ वरून ३.७५ इंच केला की आणखी सुमारे ४५० सीसींची भर पडते. खरी कमाई क्रँकची आहे.

४०० चा क्रँक मात्र सरळ बसत नाही. त्याची मेन जर्नल, म्हणजे ब्लॉकमधल्या बेअरिंगांत फिरणारे गोल भाग, २.६५ इंचांची, ३५० च्या ब्लॉकला हवीत २.४५, म्हणून ती कापून, घासून लहान करावी लागतात. स्ट्रोक ०.२७ इंच वाढला म्हणजे पिस्टन वर ०.१३५ इंच जास्त जाणार आणि ब्लॉकच्या बाहेर डोकावणार. इथे एक सुंदर मेळ जमतो : ४०० चा कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) ५.५६५ इंचांचा, ३५० चा ५.७, फरक नेमका ०.१३५. त्यामुळे ४०० चे रॉड घेतले तर ३५० च्या मापाचे पिस्टन चालतात. तरी आखूड रॉड अधिक तिरका होतो आणि पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर जास्त दाबतो. म्हणून ५.७ इंची रॉड ठेवून, रॉडला जोडणारी पिन जास्त वर असलेले पिस्टन घेणे अधिक चांगले.

सर्वांत जपून करायचे काम जागेचे. लांब फिरणारे रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला आणि कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) घासू शकतात. ब्लॉक तिथे ग्राइंडरने कोरतात. हात जास्त चालला तर पाण्याच्या पोकळीला भोक पडून ब्लॉक वाया जातो. म्हणून आधी कच्ची जुळणी करून, क्रँक हाताने पूर्ण फिरवून प्रत्येक रॉड तपासावा. यात घाई करूच नये. ४०० चा क्रँक बाहेरून संतुलित, म्हणजे त्याचा तोल टोकांच्या बॅलन्सर आणि फ्लायव्हीलमधल्या वजनांनी साधलेला, असल्याने त्याच्याच जातीचे हे दोन्ही भाग लागतात, नाहीतर इंजिन थरथरते.

हेड आणि पिस्टनचा माथा तेच ठेवले तर ९:१ चा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) ९.७ च्या पुढे जातो, म्हणजे पेट्रोलची प्रत आणि इग्निशनचे टायमिंग पुन्हा पाहावे लागते. पिस्टनचा वेगही वाढतो : ६,००० आरपीएमला सरासरी सेकंदाला १७.७ मीटरऐवजी १९. जुनेच हेड आणि कॅम ठेवल्यास टॉर्क भरपूर वाढतो, पण इंजिनाची कमाल ताकद पूर्वीपेक्षा कमी आरपीएमला येते, कारण मोठ्या सिलिंडरांना तेवढ्याच वाटांतून हवा ओढावी लागते.