थंडीत हरिद्वारची आरती बंद असते का?

‘दिवाळीनंतर चारधाम बंद, म्हणून हरिद्वारची गंगा आरतीही बंद, थंडीत फक्त काशीलाच जा’ असा मेसेज फिरतो. बंद होतात ती गंगोत्रीसारखी ३,००० मीटरच्या वरची, बर्फाखाली जाणारी देवळं. हरिद्वार सुमारे ३०० मीटरवर आहे. तिथल्या हर की पौडी या घाटावर बाराही महिने रोज संध्याकाळी आरती होते. समज व्हायला कारणही आहे: दसरा-दिवाळीच्या सुमारास घाटाजवळून वाहणारा गंगेचा कालवा सफाईसाठी बंद ठेवतात, पाणी उतरून घाटापाशी गोटे उघडे पडतात. ते फोटो पाहून कुणालाही वाटेल की सगळंच थांबलंय. खात्री करायची तर मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून आरतीची वेळ विचारा. ती सूर्यास्तावर ठरते, त्यामुळे उन्हाळ्यातली वेळ धरून गेलात तर चुकेल. काशीलाही जरूर जा. फक्त डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात, तेवढी सवड ठेवा.