निळू फुल्यांचा सरपंच कुठून आला?

डोक्यावर तिरकी टोपी, अर्धवट मिटलेले डोळे आणि घशातच घोटाळत बाहेर पडणारा तो दबका, खर्जातला आवाज. निळू फुले म्हटलं की बहुतेकांना हा गावचा बेरकी पुढारी आठवतो. ‘बाई, वाड्यावर या’ हे वाक्य त्यांच्या नावाला असं चिकटलं, की त्यामागचा सगळा प्रवास झाकला गेला. खरं तर त्या सरपंचाची मुळं फुल्यांच्या राजकीय जाणिवेत होती.

फुले पुण्याचे, जन्म 1930 चा. तरुणपणी पुण्यातल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत ते माळीकाम करत आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातही काम करत. साने गुरुजींच्या विचारांतली ही मंडळी. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारखी माणसं त्यात होती, आणि दादा कोंडके, राम नगरकर हेही याच मुशीतून आले. गण, गौळण, बतावणी, वग हा तमाशाचा साचा घ्यायचा आणि त्यात ताज्या राजकारणाची झाडाझडती घ्यायची, अशी त्यांची रीत होती. समोर गावकरी बसलेले असत. पुढारी खोटा वठला, तर ते लगेच ओळखत. मला वाटतं, फुल्यांचं खरं शिक्षण इथेच झालं.

पुढे शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्यानं त्यांना महाराष्ट्रभर नेलं. अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (1968) मधला झेलेअण्णा ही त्यांची पडद्यावरची पहिली मोठी ओळख.

आता त्या काळाकडे बघा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये उभा राहिला. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. कारखाना, सोसायटी, बँक, पंचायत अशी सगळी सूत्रं एकेका घराण्याच्या हाती जाऊ लागली. शेतकऱ्याच्या भल्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्थांमधूनच नवी सरंजामी वाढली. फुल्यांच्या खलनायकाला हा चेहरा मिळाला. तो आरडाओरडा करत नाही, कारण त्याला गरजच नसते. माणूस सावकाश बोलतो आणि समोरच्याला घाम फुटतो.

‘सामना’ (1975) मध्ये हे सगळं एकवटलं. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. गावात आलेल्या दारुड्या मास्तरला (डॉ. श्रीराम लागू) हिंदुराव धोंडे पाटील (फुले) आपल्या घरी ठेवून घेतो, त्याची बडदास्त ठेवतो. त्या पाहुणचारातला अगत्याचा सूर खरा वाटतो, आणि म्हणूनच भीती वाटते. मास्तर ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न सोडत नाही, तेव्हा फुले आवाज चढवत नाहीत. चेहऱ्यावरचं हसू तेवढं किंचित घट्ट होतं.

त्याआधी, 1972 मध्ये, रंगभूमीवर ‘सखाराम बाइंडर’ आलं. कमलाकर सारंगांनी बसवलेल्या या नाटकावरून सेन्सॉरशी झालेली लढाई उच्च न्यायालयापर्यंत गेली. सखारामच्या रांगडेपणामागची असहायता फुल्यांनी ज्या धैर्यानं दाखवली, त्याला तोड नाही. ‘सिंहासन’ या चित्रपटातला दिगू टिपणीस तर पार वेगळा. सत्तेचा खेळ जवळून पाहणारा हा पत्रकार शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. खलनायकाच्या साच्यात या नटाला डांबून मराठी सिनेमानं स्वतःचंच नुकसान केलं, असं मी ठामपणे म्हणेन. हिंदीत ‘सारांश’मध्येही त्यांच्या वाट्याला गजानन चित्रे हा सत्तांध पुढारीच आला.

पडद्याबाहेर मात्र सेवा दल सुटलं नाही. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंसोबत त्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीलाही साथ दिली. 13 जुलै 2009 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांचा अखेरचा चित्रपट, ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा होता.