पैसे भरा आणि बोला: अमेरिकेतल्या छोट्या एएम स्टेशनांची मागची गोष्ट

रविवारी सकाळी न्यू जर्सीत गाडीतला रेडिओ एएमवर टाकून नुसतं पुढे पुढे जात राहा, मी कशाबद्दल लिहितोय ते दहा मिनिटांत कळेल. कुठे कोरियन प्रवचन, कुठे स्पॅनिश प्रार्थना, कुठे गुडघेदुखीच्या गोळ्यांवर अर्धा तास चाललेली मुलाखत, आणि १६८० वर तर कित्येक वर्षं आपली हिंदी गाणी न् देसी दुकानांच्या जाहिराती लागायच्या. यातलं बरंचसं स्टेशनने बनवलेलंच नसतं. कुणीतरी तासाचे पैसे भरून तो वेळ विकत घेतलेला असतो, बोलणारा तोच, जाहिराती गोळा करणारा तोच, नुकसान झालं तर तेही त्याचंच. स्टेशन फक्त टॉवर, लायसन्स आणि वीज देतं. याला तिकडे ब्रोकर्ड टाइम म्हणतात आणि आज शेकडो छोटी एएम स्टेशनं (एएम म्हणजे आपलं मीडियम वेव्ह) निव्वळ त्यावर तग धरून आहेत.

लोक म्हणतात रेडिओचा धंदा बसला म्हणून वेळ विकायला लागला. मला हे पटत नाही, कारण रेडिओवरचा धंदा सुरूच मुळी असा झाला.

१९२० च्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गच्या केडीकेएने निवडणुकीचे निकाल सांगितले, तिथून अमेरिकेत रेडिओचं वेड लागलं. पण खर्च कोण करणार हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. रेडिओ बनवणाऱ्या कंपन्या सेट खपावेत म्हणून स्टेशन चालवायच्या, तर एटी अँड टी पडली टेलिफोनवाली, तिने टेलिफोनसारखाच विचार केला, की जसं बूथमध्ये पैसे टाकून एका माणसाशी बोलता तसं आमच्या स्टुडिओत पैसे भरा आणि सगळ्यांशी बोला. त्याला नावच टोल ब्रॉडकास्टिंग होतं. न्यूयॉर्कचं डब्ल्यूईएएफ त्यासाठीच काढलं आणि २८ ऑगस्ट १९२२ ला पहिलं गिऱ्हाईक आलं, क्वीन्सबरो कॉर्पोरेशन नावाची बिल्डर कंपनी. दहा मिनिटांना पन्नास डॉलर. त्यांच्या माणसाने शांतपणे भाषण केलं, की शहराची गर्दी सोडा आणि आमच्या हॉथॉर्न कोर्टमध्ये राहायला या. हे हॉथॉर्न कोर्ट कुठे, तर जॅक्सन हाइट्समध्ये! जिथे ७४ व्या रस्त्यावर आपण साड्या, सोनं आणि मिठाई घ्यायला जातो तेच जॅक्सन हाइट्स. तीस सेकंदांची जाहिरात वगैरे सगळं नंतर आलं, आधी आला तो विकत घेतलेला वेळ.

पुढे एकच कार्यक्रम देशभरच्या स्टेशनांना पुरवणारी नेटवर्कं आली, मोठे स्पॉन्सर आले, आणि ज्यांना त्या मोठ्या घरात जागा नव्हती ते छोट्या स्टेशनांकडे वळले. मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात जवळचा वाटतो. शिकागोत १९२५ ला डब्ल्यूएसबीसी सुरू झालं, बॅटऱ्या विकणाऱ्या वर्ल्ड स्टोरेज बॅटरी कंपनीचं, त्या नावाचीच ती आद्याक्षरं. हे स्टेशन पुढे किती भाषांमधून बोललं त्याला गणती नाही. आणि याच स्टेशनवर ३ नोव्हेंबर १९२९ ला जॅक कूपर या कृष्णवर्णीय निवेदकाचा 'ऑल-नीग्रो अवर' सुरू झाला. कृष्णवर्णीय माणसाला नोकरीवर ठेवून माइक देणारी स्टेशनं तेव्हा जवळपास नव्हतीच, मग कूपर स्टेशनकडून वेळ घ्यायचे, आपल्या वस्तीतल्या दुकानदारांकडून जाहिराती आणायचे आणि कार्यक्रम उभा करायचे. इटालियन, पोलिश, यिद्दिश बोलणाऱ्यांचंही तेच. एकेका भाषेचा एकेक ब्रोकर, संध्याकाळी जाहिराती गोळा करत हिंडायचं आणि रविवारी बोलायचं. शिकागोतच पुढे १४५० वर तर दोन वेगळी स्टेशनं दिवसाचे तास वाटून घेऊन एकच फ्रिक्वेन्सी वापरायची, कृष्णवर्णीयांचं डब्ल्यूव्हीओएन आणि वेगवेगळ्या भाषांचं डब्ल्यूसीईव्ही.

अर्थात पैसे भरले की कुणीही बोलू शकतो म्हटल्यावर भोंदूही येणारच. कॅन्ससच्या ब्रिंकली नावाच्या माणसाने बोकडाच्या ग्रंथी पुरुषांना बसवायचा धंदा स्वतःच्या रेडिओवरून चालवला, १९३० ला त्याचं लायसन्स गेलं तर तो सरळ मेक्सिकोच्या हद्दीत जाऊन प्रचंड ताकदीचं स्टेशन काढून बसला. सरहद्दीवरच्या त्या स्टेशनांनी पुढे औषधवाल्यांना आणि प्रवचनकारांना भरपूर वेळ विकला. प्रवचनकारांची अडचण वेगळी होती, एनबीसी हे मोठं नेटवर्क धर्माला वेळ फुकट द्यायचं पण तो मोठ्या प्रस्थापित चर्चना, इव्हँजेलिकल मंडळींना विकत घेण्यावाचून मार्ग नव्हता. १९४४ मध्ये म्युच्युअल नेटवर्कनेही त्यांच्या विकत वेळेवर बंधनं आणली तेव्हा त्यांनी संघटना बांधली आणि छोटी स्टेशनं धरली. आजही एएमवर त्यांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ब्लॉक हा पक्का धंदा आहे.

आता छोट्या स्टेशनची मूळ अडचण समजून घ्या, ती हिशोबाच्या आधी आकाशात आहे. मीडियम वेव्हची लहर दिवसा जमिनीलगत जाते, पण सूर्य मावळला की वरच्या आयनोस्फीअरवरून (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) परतून शेकडो मैल लांब पडते. त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवरची स्टेशनं रात्री एकमेकांच्या अंगावर येतात, म्हणून मोठ्यांना ५० किलोवॉटची मुभा आणि कितीतरी छोट्यांना सूर्यास्ताला बंद करायचा नाहीतर अगदी क्षीण ताकदीवर यायचा हुकूम. म्हणजे डिसेंबरमध्ये साडेचार-पाचला, लोक ऑफिसातून घरी निघतात नेमकं तेव्हा, तुमचं दुकान बंद. असल्या स्टेशनला मोठा जाहिरातदार कसा मिळणार?

त्यात एफएम आलं, स्वच्छ आवाज, स्टिरिओ. सत्तरचं दशक संपता संपता एफएमचे श्रोते एएमच्या पुढे गेले आणि गाणी तिकडे गेली ती गेलीच. एएमलाही स्टिरिओ करायचा प्रयत्न झाला, पण १९८२ ला एफसीसीने (रेडिओचं नियमन करणारी तिकडची संस्था) कुठली पद्धत वापरायची ते बाजारावर सोडलं, वेगवेगळ्या पद्धती भांडत बसल्या आणि १९९३ ला एक ठरली तोवर कुणाला पडलेली नव्हती. ५० किलोवॉटवाल्यांना बातम्या आणि टॉक शोंनी तारलं, विशेषतः १९८७ ला फेअरनेस डॉक्ट्रिन (वादाच्या विषयात दोन्ही बाजू मांडायचा नियम) गेल्यावर. लहानांकडे ना बातम्यांना पैसा ना आवाका. पण १९८१ मध्ये एफसीसीने जाहिराती किती मिनिटं लावायच्या त्याची मर्यादा काढून टाकली होती, म्हणजे तासच्या तास विकायला रान मोकळं झालं, आणि १९६५ च्या इमिग्रेशनच्या कायद्याने आलेले आशियाई लोक तोवर शहरांत बस्तान बसवून होते. गरज दोन्हीकडून जुळली. आर्थर लिऊ यांची मल्टिकल्चरल रेडिओ १९८२ मध्ये निघाली ती हेच करायला. पुढे सॅन होजेत ११७० वर 'देसी ११७०' आलं, ५० किलोवॉटचं स्टेशन आणि त्यावर आपली भाषा!

(आपल्याकडे हे घडलंच नाही कारण मीडियम वेव्ह सगळं आकाशवाणीकडे. खासगीवाल्यांना परवानगी मिळाली ती एफएमची. पैसे देऊन कार्यक्रम म्हटलं की आपल्याला विविध भारतीचे प्रायोजित कार्यक्रम आठवतात, ते १९६७ ला मुंबई-पुणे-नागपूरला जाहिराती सुरू झाल्यानंतरचे.)

मी एकदा अशा एका स्टेशनवर गेलोय, ओळखीचे एक काका रविवारी एक तास मराठी गाणी लावायचे त्यांच्याबरोबर. दलदलीच्या मैदानात टॉवर, कारण ओल्या जमिनीत मीडियम वेव्ह चांगली चालते आणि टॉवरभोवती तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात चाकाच्या आऱ्यांसारख्या. खाली दोन खोल्या. काकांनी चेक दिला, तिथल्या मुलाने पेन ड्राइव्ह घेतला, लेव्हल बघितली आणि परत फोनकडे वळला. भिंतीवर आठवड्याचा तक्ता, प्रत्येक चौकोनात घेणाऱ्याचं नाव, आणि मधले चौकोन रिकामे. त्या रिकाम्या चौकोनांत काय लागतं विचारलं तर म्हणाला, व्हिटॅमिनचं रेकॉर्डिंग.

तो रिकामा चौकोनच खरा प्रश्न आहे. भाडं थांबलं की स्टेशन कुणालाही हो म्हणतं. मिसुरीतल्या केसीएक्सएल या छोट्या स्टेशनने जानेवारी २०२० पासून रशियाच्या सरकारी स्पुटनिक रेडिओला रोजचे सहा तास दिले, गदारोळ झाला, पण मालकाची बाजू साधी होती, पैसे हवे होते. २०२१ ला एफसीसीने नियम केला की परदेशी सरकारचा कार्यक्रम असेल तर ते हवेवर सांगायचं.

वाचवायचे प्रयत्नही झाले. अजित पै, आईवडील भारतातून गेलेले, स्वतः कॅन्ससच्या लहान गावात वाढलेले, एफसीसीवर असताना एएमच्या बाजूने उभे राहिले. २०१३ ला प्रस्ताव आला, २०१५ ला निर्णय, आणि मग एएम स्टेशनांना जोडीला छोटा एफएम ट्रान्सलेटर (तोच कार्यक्रम एफएमवर सोडणारा छोटा ट्रान्समीटर) घेणं सोपं झालं. बऱ्याच जणांचे श्रोते आता त्या एफएमवर आहेत, पण एएम बंद तर ट्रान्सलेटरही बंद. २०२४ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या जॅस्परच्या डब्ल्यूजेएलएक्सने सांगितलं की आमचा दोनशे फुटी टॉवरच चोरीला गेलाय, तेव्हा नेमकं हेच झालं, एफएम चालू ठेवायला एफसीसीने नाही म्हटलं.

तिकडे जमिनीचे भाव असे की टॉवरखालचं मैदान स्टेशनपेक्षा महाग. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डात डब्ल्यूएमएएलची पंचाहत्तर एकर जागा बिल्डरला गेली, २०२० मध्ये टॉवर पाडले. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारींमुळे एएमवर खरखर येते म्हणून काही कंपन्यांनी गाडीतून एएमच काढलं, फोर्डही काढणार होती पण २०२३ ला माघार घेतली. १९९० च्या सुमारास पाच हजारांच्या आसपास असलेली एएम स्टेशनं आता साडेचार हजारांच्या खाली आहेत.

पण मला वाटतं सगळ्यात मोठा घाव वेळ विकत घेणारेच निघून जातायत हा आहे. काकांनीही तीन वर्षांपूर्वी स्लॉट सोडला, जाहिरातींतून अर्धा खर्चही निघेना, आता ते यूट्यूबवर गाणी लावतात आणि ग्रुपवर लिंक टाकतात. आमच्या शेजारच्या आजींना लिंक उघडता येत नाही. त्यांच्या ओट्यावरचा रेडिओ अजून त्याच आकड्यावर लावलेला आहे, रविवारी अकराला त्या सुरू करतात, गोळ्यांची मुलाखत लागते आणि त्या ती तशीच चालू ठेवून भाजी निवडतात.