मॉनिकर आणि ग्राफिटी: मालगाडीच्या डब्यावरच्या दोन वेगळ्या खुणा

उत्तर अमेरिकेतील मालगाडीच्या डब्यांवर बहुधा दोन प्रकारचे अनधिकृत लेखन आढळते. एक म्हणजे डब्याची निम्मी बाजू व्यापणारी रंगीत, एकमेकांत गुंतलेली अक्षरे. दुसरे खालच्या बाजूस, उभ्या माणसाचा हात सहज पोहोचेल अशा जागी, एकाच पांढऱ्या रेषेने काढलेले छोटे चित्र आणि त्याच्याशेजारी एखादी तारीख किंवा दोनचार शब्द. सरसकट दोन्हींना ग्राफिटी म्हटले जाते, आणि दोन्ही विनापरवाना असल्याने कायदाही त्यांत फारसा फरक करीत नाही; परंतु दुसऱ्या प्रकाराला मॉनिकर असे स्वतंत्र नाव असून त्याचे कूळ ग्राफिटीपेक्षा बरेच जुने आहे.

मॉनिकर म्हणजे टोपणनाव. ही परंपरा रेल्वेच्या आतच जन्मली. कोणता डबा कोठे न्यायचा याच्या खुणा यार्डातील कर्मचारी पूर्वी डब्यावरच खडूने करीत असत, आणि ज्याच्या हाती दिवसभर खडू आहे त्याने कामाच्या खुणेशेजारी स्वतःचीही एक खूण काढावी, हे ओघानेच आले. कामाच्या शोधात मालगाड्यांतून चोरून प्रवास करणाऱ्या होबो मजुरांचीही अशीच रीत होती. अमेरिकन लेखक जॅक लंडनने १९०७ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या भटकंतीच्या आठवणींत सांगितले आहे की ही माणसे वाटेतील पाण्याच्या टाक्यांवर टोपणनाव, तारीख आणि जाण्याची दिशा कोरून ठेवीत, त्यामुळे मागून येणाऱ्याला पुढे कोण गेले ते कळत असे. मॉनिकर हा मुळात असा निरोप होता. पुढे त्याला चित्राचे रूप आले. ‘हर्बी’ या सहीखाली ताडाच्या झाडाशी मोठी टोपी घालून झोपलेला माणूस दिसे; ‘कोलोसस ऑफ रोड्स’ ही पाइप ओढणाऱ्या काउबॉयची आकृती आर्कान्सामधील एका रेल्वे कर्मचाऱ्याने १९७१ पासून काढली आणि तिच्याखालचा मजकूर तो सतत बदलत राहिला.

योगायोग असा की त्याच १९७१ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाने ‘टाकी १८३’ ही सही शहरभर लिहीत सुटलेल्या तरुणाची बातमी छापली. तेही टोपणनावच होते, आणि गोंधळ येथूनच सुरू होतो. मात्र ही दुसरी परंपरा भुयारी रेल्वेच्या डब्यांवर वाढली, तिचे हत्यार रंगाचा फवारा हे झाले, आणि चित्रापेक्षा अक्षराची घडण हाच तिचा मुख्य विषय राहिला. रंगवलेला डबा सेवेत सोडायचाच नाही, असे धोरण तेथील परिवहन संस्थेने स्वीकारले आणि मे १९८९ मध्ये शेवटची रंगवलेली गाडी काढून घेतल्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या काळात अनेक रंगारी मालगाड्यांकडे वळले.

मालगाडीने त्यांचा प्रेक्षकच बदलून टाकला. भुयारी रेल्वेचा डबा त्याच शहरात फिरत राही, त्यामुळे रंगवणाऱ्याला आपले काम आणि प्रतिस्पर्ध्याची प्रतिक्रिया दोन्ही दिसत. मालडबा मात्र एका कंपनीकडून दुसरीकडे जात अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको अशा सारख्याच १४३५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर फिरतो, आणि नियमानुसार साधारण ५० वर्षांपर्यंत वापरात राहू शकतो. रंगवणाऱ्याला तो पुन्हा दिसेलच असे नाही. माझ्या मते मालगाडीवरची ग्राफिटी येथे आपल्या जन्मदात्या भुयारी रेल्वेपेक्षा मॉनिकरच्याच अधिक जवळ येते, कारण न भेटणाऱ्या माणसाला आपले नाव पाठवणे हे दोघांचेही काम आहे.

कारागिरीत मात्र साम्य संपते. मॉनिकर खडूने किंवा घट्ट रंगाच्या कांडीने, हात शक्यतो न उचलता, काही सेकंदांत काढले जाते. खडू पावसाने जातो, पण कांडीची रेघ अनेक वर्षे टिकते. चूक झाल्यास ती झाकण्याची सोय नसल्याने रेषा आधीच हातात बसलेली असावी लागते. ग्राफिटीत आराखडा, भरणी आणि शेवटची बाह्यरेषा असे थर चढतात, आणि डब्याच्या पत्र्याच्या उभ्या पन्हाळींमुळे सरळ रेषाही तिरक्या कोनातून तुटलेली दिसते. त्यामुळे गुळगुळीत बाजूच्या डब्यांना अधिक मागणी असते. मालडब्याची बाजू जमिनीपासून बरीच उंच असते, म्हणून वरपर्यंत रंगवायला शिडी लागते.

जाणते रंगारी डब्याची मालकी सांगणारी अक्षरे आणि क्रमांक सोडून रंगवतात. याचे कारण सौजन्यापेक्षा व्यवहारात आहे, कारण क्रमांक झाकला गेला तर कंपनीला तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो, आणि तो वाचता येत असेल तर बाकीचे चित्र बहुतेकदा तसेच राहते. जुन्या मॉनिकरवर रंग न मारण्याचा संकेतही अनेकजण पाळतात. हल्ली काही रंगारी स्वतःच कांडी घेऊन मॉनिकर काढतात, तेव्हा हत्यारावरून ओळख पटत नाही. अशा वेळी खुणेत नुसते नाव घडवले आहे, की चित्र, तारीख आणि एखादा शेरा आहे, हे पाहणे अधिक उपयोगी पडते.