खातंय तरी वाळतंय : मांजराची साखर की मांजराचं आतडं?

"खातंय की वो चांगलं, मग वाळतंय कशानं?" शेजारच्या आजींनी हे विचारलं तेव्हा मे महिना होता, आणि मे महिन्यात सोलापुरात कुठलाही जीव पाणी पाणी करतो. आमचा बंड्या वाटी चाटून पुसून साफ करत होता, माठाखालच्या ताटलीतलं पाणीही सोडत नव्हता. पाणी पितो ते उन्हाळ्यामुळं म्हणून सोडून दिलं. उलटी होते ती केसांची. शी पातळ होते ती दुधानं. तीन लक्षणांना तीन कारणं देऊन आम्ही मोकळे झालो. तोवर साडेपाच किलोचा बोका चार किलोंवर आला होता.

त्याला मधुमेह निघाला. इन्शुलिन सुरू झालं, पाणी पिणं कमी झालं, पण वजन काही चढेना आणि उलट्याही थांबेनात. मग पुढच्या तपासण्या झाल्या आणि आतड्याची जुनाट सूज समोर आली. तिला डॉक्टर थोडक्यात आयबीडी म्हणतात. या दोन दुखण्यांचा चेहरा एकच आहे: भूक आहे, खाणं आहे आणि अंगावर मांस नाही. म्हणून लोक एकाला दुसरं समजतात. दोन्ही एकाच मांजरात असू शकतात हे तर फार उशिरा सुचतं.

फरक समजायला आमच्या जिल्ह्यात उदाहरण शोधत लांब जावं लागत नाही. मधुमेह म्हणजे गाळप व्यवस्थित झालेला साखर कारखाना. पोत्यांची थप्पी लागली आहे, पण गोदामातून उचलच होत नाही. इन्शुलिन पुरत नाही किंवा अंग त्याला दाद देत नाही, म्हणून रक्तातली साखर पेशींत शिरत नाही. ती साधारण अडीचशेच्या वर गेली की मूत्रपिंड तिला अडवू शकत नाही आणि ती लघवीतून वाहून जाते, जाताना पाणीही ओढून नेते. म्हणून तहान. आयबीडीत बिघाड गव्हाणीपाशीच आहे. ऊस येतोय, काट्यावर वजन होतंय, पण गाळप अर्धवट, आणि रस चिपाडाबरोबर बाहेर. आतड्याच्या भिंतीत सूज धरलेली असते, त्यामुळं अन्न आत नीट शोषलं जात नाही.

म्हणजे दोन्हीकडं नुकसानच, पण दरवाजे वेगळे. म्हणून मांजराच्या तोंडाकडं बघून काही कळत नाही, घमेल्यातल्या वाळूकडं बघावं लागतं. साखर वाढलेली असेल तर लघवीचे ओले गोळे मोठे होतात, संख्येनंही वाढतात. गोळा धरणारं लिटर, म्हणजे मांजरासाठी मिळणारी तयार वाळू, वापरत असाल तर हे चटकन दिसतं, साध्या वाळूत लपतं. लघवीला मुंग्या लागण्याची जुनी खूण आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, पण मुंग्या नाहीत म्हणून साखर नाही असं मात्र धरू नका. आतड्याचं दुखणं असेल तर शीचा पोत बदलतो, वास बदलतो, आणि बऱ्याचदा आठवड्यातून एक-दोनदा उलटीही दिसते. 'मांजर आहे, उलटी करणारच' हे वाक्य आमच्या घरात आता बंद आहे. असं तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर ते केसांवर ढकलू नये.

आणखी एक खूण फक्त साखरेची. काही मांजरं मागच्या पायांनी पंजावर न चालता टाच टेकवून चालायला लागतात, कारण लांबलेल्या मधुमेहात नसा कमजोर होतात. बंड्या कट्ट्यावर उडी मारायचा बंद झाला तेव्हा आम्ही म्हटलं, वय झालं.

दुधाबद्दल इथंच बोलायला हवं, कारण आपल्याकडची मांजरं दूध-भाकरीवर वाढतात. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि शी पातळ होते. तेव्हा आयबीडीचं नाव घेण्याआधी दूध बंद करून बघा, जंताचं औषध द्या. भाकरीचा प्रश्न वेगळा आहे. ज्वारी मंगळवेढ्याची असली तरी मांजराच्या दृष्टीनं ती पिष्टच, आणि मधुमेही मांजराला नेमकं तेच नको असतं. मांजर मूळचं मांसावर जगणारं जनावर. भरपूर प्रथिनं आणि अगदी कमी पिष्ट असलेलं ओलं खाणं व वेळेवर इन्शुलिन मिळालं, तर काही मांजरांचा मधुमेह इतका मागं हटतो की इन्शुलिन थांबवता येतं. असं माणसांत सहसा ऐकायला मिळत नाही, म्हणून सुरुवातीला आमचा विश्वासच बसला नव्हता.

तपासण्यांतही गोंधळ आहे. मांजर घाबरलं की त्याची साखर चढते. पिशवीत कोंबून रिक्षातून दवाखान्यात नेलं, बाहेर कुत्री भुंकतायत, अशा वेळी निरोगी मांजराचा आकडासुद्धा तीनशेच्या घरात जाऊ शकतो. म्हणून एका आकड्यावर मधुमेह ठरवू नये. फ्रुक्टोसामीन नावाची चाचणी मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते आणि भीतीनं फसत नाही. पण आतडं बिघडलेल्या मांजराच्या रक्तात प्रथिनं कमी असली तर तीच चाचणी खोटी कमी येते आणि साखर आहे त्यापेक्षा बरी वाटते. म्हणून डॉक्टरांना दोन्ही दुखण्यांची कल्पना आधीच द्यावी. घरी लघवीच्या पट्टीवर साखर तपासता येते. कानाच्या कडेला टोचून ग्लुकोमीटरवरही बघता येतं, फक्त माणसांचं यंत्र मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतं हे लक्षात ठेवायचं.

आयबीडीला अशी एक चाचणी नाही. थायरॉइड, मूत्रपिंड, स्वादुपिंड, जंत असं एकेक नाव खोडत जावं लागतं. सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसते, पण जाड भिंत सौम्य प्रकारच्या लिंफोमातही दिसते, आणि तो आतड्याचा कर्करोग आहे. दोन्हींतला फरक तुकडा काढून तपासल्याशिवाय नक्की होत नाही. आम्हाला त्यासाठी पुण्याचं नाव सुचवलं गेलं. साखर काबूत नसताना भूल देण्याचा धोका नको, म्हणून आम्ही थांबलो. हा निर्णय प्रत्येकानं आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यायचा.

दोन्ही एकत्र का येतात, याचं एक कारण मांजराच्या रचनेतच आहे. बहुतेक मांजरांत स्वादुपिंडाची नळी आणि पित्ताची नळी एकत्र येऊन आतड्यात उघडतात. त्यामुळं आतडं, यकृत आणि स्वादुपिंड यांना एकाच वेळी सूज येऊ शकते. स्वादुपिंड सुजलं की इन्शुलिनचं गणित बिघडतं, शिवाय उलट्या होतात ते वेगळंच. दुसरं कारण आपण स्वतः घडवतो. आयबीडीवर स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं औषध, चालतं, आणि स्टेरॉइड साखर चढवतं. कधी कधी आयबीडीसाठी गोळ्या घेणाऱ्या मांजराला त्या गोळ्यांमुळंच मधुमेह होतो. म्हणून डॉक्टर विचारतात, आधी काय सुरू झालं? हा प्रश्न टाळू नका, तारखा आठवून सांगा.

उपचारांत हे दोन आजार एकमेकांच्या पायात पाय घालतात. मांजराला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, कारण प्रेडनिसोन दिलं तर त्याचं प्रेडनिसोलोनमध्ये रूपांतर मांजराचं शरीर नीट करू शकत नाही. ही गोळी सुरू झाली की इन्शुलिन वाढवावं लागतं, हे सगळे सांगतात. गोळी कमी करताना इन्शुलिनही कमी करावं लागतं, हे मात्र विसरलं जातं, आणि तिथंच साखर एकदम खाली कोसळते. ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड यकृतात बरंचसं निष्क्रिय होतं, म्हणून मधुमेही मांजरासाठी डॉक्टर त्याचा विचार करतात. पण 'कमी' म्हणजे 'शून्य' नव्हे. माझं मत विचाराल तर आधी आहार बदलून बघावा. आतड्याला मानवणारं खाणं मिळालं तर बऱ्याच मांजरांत दोन आठवड्यांत फरक दिसू लागतो, आणि तेवढ्यात भागलं तर स्टेरॉइड लागतच नाही.

पण आहारातही पेच आहेच. आतड्यासाठी मिळणाऱ्या खास कोरड्या खाद्यात प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले असतात, म्हणून आतडं भडकत नाही. पण त्यात पिष्ट बरंच असतं. साखरेसाठी कमी पिष्टाचं खाणं हवं. दोन्ही सांभाळणारा रस्ता म्हणजे मांजरानं पूर्वी न खाल्लेलं एकच मांस, ओलं आणि पिष्टाशिवाय. बंड्या जन्मापासून कोंबडीवर वाढला होता, म्हणून आम्ही उजनीच्या चिलापीवर आलो, काटे काढून, उकडून, मीठ-मसाल्याशिवाय. नुसत्या मासळीवर मात्र मांजर ठेवता येत नाही. टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं अमिनो आम्ल), कॅल्शियम, जीवनसत्त्वं डॉक्टरांकडून मोजून घ्यावी लागतात. या काळात शेंगाचटणीचं बोट चाटवणं, पाहुण्यांनी बिस्किटाचा तुकडा टाकणं, सगळं बंद. घरातल्या माणसांना हे पटवणं मांजराला औषध देण्यापेक्षा अवघड आहे.

बी-१२ या जीवनसत्त्वाचं सांगायलाच हवं. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं, आणि मांजरात ते शोषायला मदत करणारा पदार्थ स्वादुपिंडातून येतो. दोन्ही अवयव आजारी असतील तर बी-१२ घसरतं आणि बाकी सगळं नीट केलं तरी वजन चढत नाही. स्वस्त गोष्ट आहे, तपासून घ्या.

आता खरा घाबरवणारा जोड. मांजर निपचित पडलंय, डोळे लावतंय, जवळ येत नाही. साखर घसरली की चढली? इन्शुलिन दिलं आणि तासाभरात बंड्यानं खाल्लेलं सगळं चादरीवर ओकून काढलं, असं एकदा झालं. आयबीडी असलेल्या मधुमेही मांजरात हा धोका नेहमीचाच आहे. साखर घसरलेलं मांजर झोकांड्या खातं, थरथरतं, त्याला झटके येऊ शकतात, आणि हे सगळं थोड्या वेळात घडतं. उलट इन्शुलिन कमी पडून अंगात कीटोन, म्हणजे साखरेऐवजी चरबी जळून तयार होणारी आम्लं, साठले तर मांजर दिवस-दोन दिवसांत उतरत जातं. खाणं सोडतं, उलट्या करतं, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ शकतो, लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसतात. ग्लुकोमीटर जवळ असेल तर आधी आकडा बघा. नसेल आणि शंका असेल तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं घट्ट पाणी चोळा आणि तडक दवाखाना गाठा. चढलेल्या साखरेत दोन थेंब मधानं फारसं बिघडत नाही, घसरलेल्या साखरेत वाट बघणं मात्र जिवावर बेतू शकतं. आमचा नियम असा: आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही किंवा ओकलं तर नेहमीचा डोस टोचायच्या आधी डॉक्टरांना फोन. इन्शुलिन स्वतःच्या मनानं दिवसेंदिवस बंद ठेवणंही चालत नाही, त्यातूनच कीटोन साठतात.

परदेशात मांजरांसाठी मधुमेहाच्या तोंडानं द्यायच्या औषधांना मान्यता मिळाली आहे. अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरमध्ये बेक्साग्लिफ्लोझिनला आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिनला. ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर काढतात. पण त्यांत साखरेचा आकडा बरा दिसत असतानाही कीटोन वाढू शकतात, म्हणून उलट्या करणारं, खाणं सोडणारं मांजर त्यासाठी योग्य गिऱ्हाईक नाही.

सुईचा घोटाळा आमच्या घरात होता होता वाचला. माझ्या सासऱ्यांनाही साखर आहे. ते म्हणाले, "माझीच सुई दे की गं त्याला, नवी कशाला आणायची?" त्यांची सुई लाल टोपणाची, मिलीलीटरला ४० युनिट असलेल्या बाटलीसाठी. बंड्याचं इन्शुलिन ग्लार्जिन, ते मिलीलीटरला १०० युनिटचं, त्याला केशरी टोपणाची सुई लागते. लाल टोपणाच्या सुईत ते इन्शुलिन एका रेघेपर्यंत भरलं असतं तर एकाऐवजी अडीच युनिट गेलं असतं, आणि चार किलोंच्या मांजरासाठी अडीच युनिट म्हणजे चेष्टा नव्हे. आता दोन्ही डबे फ्रीजमध्ये वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, बंड्याच्या डब्यावर मिशा काढल्या आहेत. लाइट जास्त वेळ गेली तर त्याचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी जातो. बर्फाशी थेट लावत नाही, गोठलेलं इन्शुलिन वाया गेलं.

दर रविवारी मी त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहते, मग एकटी उभी राहते, आणि फरक भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. त्याखाली दोन खुणा: गोळे किती मोठे, शी कशी. वजन उतरलं आणि गोळे फुगलेले असतील तर साखरेकडं बघायचं. वजन उतरलं, गोळे नेहमीएवढेच, पण उलटी-शीच्या चौकोनात फुल्या दिसल्या तर आतड्याकडं. दोन्ही नीट असून वजन उतरलं, असं मागच्या महिन्यात एकदा झालं. तेव्हा बी-१२ पुन्हा तपासलं, कमी निघालं. या रविवारी काटा ४ किलो ७०० ग्रॅमवर आहे.