लग्नाचं बोलावणं (इंदूरच्या मराठी घरांमधलं)

लग्नाचं बोलावणं म्हणजे लग्न ठरल्याची बातमी, तारीख-वेळ-जागा आणि यायचा आग्रह, हे तिन्ही पाहुण्यापर्यंत वेळेवर पोचवण्याची रीत. यात पत्रिका हा एक भाग आहे, पूर्ण बोलावणं नाही. इंदूरमधे रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर अशा मराठी वस्त्यांमधे अजूनही पत्रिका नुसती दारात टाकून गेले तर जुनी माणसं म्हणतात की कार्ड आलं, बोलावणं नाही आलं, आणि त्यांचं बरोबर आहे असं इथे स्पष्ट लिहून ठेवायला हवं.

इथल्या बोलावण्याला दोन गोष्टींमुळे वेगळं वळण आलंय. एक म्हणजे नातेवाईक लांब लांब पसरलेले. होळकरांच्या काळात, आणि 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर त्यांची राजधानी इंदूरला आल्यावर, दक्षिणेतून आलेली कुटुंबं इथे स्थिरावली, पण सोयरीक देवास, धार, उज्जैन, ग्वाल्हेर आणि तिकडे पुणे, नागपूर, मुंबईपर्यंत होत राहिली. दुसरी गोष्ट, शेजारपाजार आणि ऑफिसची मंडळी हिंदी भाषिक. त्यामुळे एकाच लग्नाचं बोलावणं दोन भाषांत आणि दोन तऱ्हांनी करावं लागतं.

कधी कळवायचं

आधी मुहूर्त, मग हॉल, मग बातमी, हा क्रम. हॉल पक्का झाल्याशिवाय तारीख सांगत सुटू नये कारण एकदा आत्याला सांगितलेली तारीख गावभर झालेली असते. लग्नं दाटतात ती तुळशीच्या लग्नानंतर, मग पौषात आणि सूर्य धनु राशीत असताना (डिसेंबर मध्य ते जानेवारी मध्य) थांबतात, मग माघापासून परत सुरू. गुरू-शुक्राचा अस्त असेल तर मुहूर्त नाही, अधिक महिन्यातही नाही, म्हणजे 2026 मधे 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ऐन उन्हाळी सुट्टीचा महिनाच गेला. चातुर्मासाचं मात्र थोडं वेगळं आहे, महाराष्ट्रातली काही पंचांगं त्यातही गौणकाळाचे (म्हणजे अडचण असेल तर चालणारे, दुय्यम) मुहूर्त देतात पण माळव्यातल्या लोकांच्या मते देव झोपलेत म्हणजे लग्न नाही, म्हणून आषाढ-श्रावणातलं लग्न असेल तर हिंदी भाषिक ओळखीच्यांना तोंडी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर कार्ड बघून त्यांना तारीख चुकलीये असंच वाटतं.

बाहेरगावच्यांना कळवायचा हिशोब आता सरळ रेल्वेवरून करावा. 1 नोव्हेंबर 2024 पासून रिझर्व्हेशन प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं, त्याआधी 120 दिवस होतं. म्हणजे मुंबईच्या काकांना अवंतिका एक्सप्रेसनं यायचं असेल तर बुकिंग उघडायच्या आधीच त्यांच्या हातात पक्की तारीख पाहिजे, त्यातही सीमांतपूजनाला यायचंय की फक्त लग्नाला, आणि परत कधी निघता येईल, हे सगळं. अडीच-तीन महिने आधी एक फोन आणि त्यानंतर लगेच व्हॉट्सॲपवर तारीख लिहून, एवढं पुरतं, पत्रिका तेव्हा छापलेली नसली तरी चालतं. पुण्याहून स्लीपर बसनं धुळे-सेंधवा मार्गे रात्रभर प्रवास करून येणारे बरेच असतात, पण सीझनमधे बसचं तिकीटही महाग होत जातं, त्यामुळे त्यांनाही उशिरा कळवणं म्हणजे त्यांच्या खिशाला भार.

गावातल्यांना इतक्या लवकर पत्रिका देऊन उपयोग नाही, ती फ्रिजवर राहते आणि विसरली जाते. साधारण महिनाभर आधी वाटप सुरू करावं, आठ-दहा दिवस आधी संपवावं, आणि दोन-तीन दिवस आधी परत फोन. शेवटच्या आठवड्यात घरात केळवणं, ग्रहमख, देवक, पाहुण्यांची ने-आण असते, तेव्हा कोणी पत्रिका घेऊन फिरू शकत नाही.

पहिली पत्रिका

पहिली पत्रिका गणपतीची. इंदूरमधे ती खजराण्याच्या गणपतीला, यात मराठी-हिंदी असा काही फरक नाही, लग्नसराईत देवापुढे कार्डांचा ढीग असतो. काही घरं उज्जैनच्या चिंतामण गणेशाकडे नेतात, तर काही राजस्थानात रणथंभोरच्या त्रिनेत्र गणेशाला पोस्टानं पाठवतात. मग कुलदैवत. जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर इथून लांब, म्हणून कोणी जाणारं असेल तर त्याच्याबरोबर पत्रिका आणि अक्षता देतात, नसेल तर कुलदैवताच्या नावानं सुपारी काढून घरच्या देवापुढे ठेवतात आणि पुढे कधी जाऊ तेव्हा नेतात. देवांची झाल्याशिवाय माणसांच्या पत्रिका घराबाहेर काढायच्या नाहीत, हा नियम बहुतेक घरं पाळतात.

अक्षत द्यायला जाणं

खरं बोलावणं हे. शक्यतो नवरा-बायको जोडीनं जातात, पिशवीत पत्रिका, कुंकवाच्या अक्षता, हळदी-कुंकवाचा करंडा. घरातल्या बाईला हळद-कुंकू लावायचं, हातावर अक्षता द्यायच्या आणि तोंडानं म्हणायचं, "वहिनी, सगळ्यांनी यायचंय हं, आदल्या दिवसापासून." त्या घरात आजी-आजोबा असतील तर पत्रिका त्यांच्या हातात, मग नमस्कार. मुलीच्या मामाचं, आत्याचं, जावयांचं आणि व्याह्यांचं बोलावणं फोनवर उरकायचं नसतं. मामा तर मुलीला बोहल्यावर घेऊन येणारा, त्याला कार्ड कुरिअर करणं शोभत नाही, तो नाशिकला असला तरी एक चक्कर मारून यावी. एका घरी चहा, दुसऱ्या घरी सरबत, तिसऱ्या घरी जेवूनच जा असा आग्रह, त्यामुळे एका संध्याकाळी चार-पाच घरांच्या वर होत नाहीत आणि याच कामाला सगळ्यात जास्त वेळ ठेवावा. ज्या घरी सुतक आहे तिथे ते फिटल्यावरच जावं, आधी फोन करून विचारून.

हिंदी भाषिक शेजाऱ्यांकडे मिठाई किंवा सुक्या मेव्याचा डबा कार्डाबरोबर द्यायची पद्धत आहे, आता मराठी घरंही देतात. पण तिथे डब्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते वेळ सांगणं. त्यांच्याकडे फेरे रात्री असतात, वरात निघते, जेवण नऊ-दहाला सुरू होतं. आपलं लग्न सकाळी 11 वाजून 47 मिनिटांनी लागून जातं, आणि हे नीट सांगितलं नाही तर लोक रात्री नटून थटून बंद हॉलसमोर येऊन उभे राहतात. म्हणून सरळ सांगावं, "भाभीजी, शादी दिन की है, ग्यारह बजे तक आ जाइए, खाना भी दोपहर का ही है." गोरज मुहूर्त असेल तर संध्याकाळची वेळही अशीच उलगडून सांगावी. संध्याकाळी वेगळं रिसेप्शन असेल तर कोणाला दोन्हीचं आणि कोणाला फक्त संध्याकाळचं बोलावणं आहे हे पत्रिका देतानाच मोकळेपणानं बोलावं.

पत्रिकेत काय असतं

वर श्रीगणेश आणि कुलदैवताची नावं, मग "आमचे येथे श्रीकृपेकरून", मग चि. आणि चि. सौ. कां., दोन्हीकडचे आईवडील, मुहूर्त, स्थळ, आणि शेवटी सहकुटुंब सहपरिवार येण्याची विनंती. आहेर नको असेल तर तेही छापतात. कोपऱ्यांना हळद-कुंकू. मराठी आणि हिंदी अशा दोन पत्रिका करणाऱ्यांनी तिथीकडे फार लक्ष द्यावं. मराठी पत्रिकेत शालिवाहन शक, हिंदीत विक्रम संवत, म्हणजे शके 1948 आणि संवत 2083 हे एकच वर्ष. शुद्ध पक्षात महिना दोन्हीकडे सारखाच, पण वद्य पक्षात उत्तरेकडचा महिना एक पुढे असतो कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावस्येला, म्हणून आपली वैशाख वद्य पंचमी त्यांच्या कार्डावर ज्येष्ठ कृष्ण पंचमी होते. दोन्ही बरोबर. प्रेसवाला कधी कधी चूक समजून एकीकडचं दुरुस्त करून टाकतो, तेव्हा प्रूफ घरातल्या जाणत्या माणसानं वाचावं. हिंदी कार्डात खाली लहान मुलांच्या नावानं बोबडी ओळ असते, ती आता मराठी पत्रिकांतही दिसते.

अक्षय्य तृतीयेला मध्य प्रदेशात खूप लग्नं होतात आणि बालविवाह रोखण्यासाठी जिल्हा प्रशासन कार्ड छापणाऱ्यांना वर-वधूच्या वयाचा पुरावा बघायला सांगतं (मुलगा 21, मुलगी 18), तेव्हा त्या सुमाराची पत्रिका छापताना कागद बरोबर न्यावेत.

मोबाइलवरचं बोलावणं

व्हॉट्सॲपवर पत्रिकेचा फोटो किंवा पीडीएफ आणि हॉलचं लोकेशन पाठवणं हे आता सगळ्यांनाच सोयीचं आहे, परदेशातल्या मुलांना तर दुसरा मार्गच नाही. पण ग्रुपवर टाकलेलं कार्ड हे कोणालाच दिलेलं नसतं, प्रत्येकाला वेगळं पाठवावं, वर नाव घालून दोन ओळी लिहाव्यात. आणखी एक, लग्नपत्रिकेच्या नावानं एपीके फाइल (मोबाइलमधे ॲप बसवणारी फाइल) पाठवून मोबाइल ताब्यात घेण्याचे आणि बँकेतून पैसे काढण्याचे फसवणुकीचे प्रकार झालेत, म्हणून आपण फक्त फोटो किंवा पीडीएफच पाठवावी आणि घरातल्या ज्येष्ठांना सांगून ठेवावं की कार्ड उघडायला काही इन्स्टॉल करायला लागत असेल तर ते कार्ड नाही.

येणाऱ्यांचा आकडा केटररला आधी द्यावा लागतो, पण आपल्याकडे येतो की नाही हे लोक लिहून कळवत नाहीत, विचारलं तर "बघतो, नक्की प्रयत्न करतो" म्हणतात. म्हणून तो दोन-तीन दिवस आधीचा फोन. "किती जण येताय" विचारलं तर काहींना जेवणाची मोजणी चाललीये असं वाटतं, त्यापेक्षा "तुम्हाला घ्यायला गाडी पाठवू का, आजी येतायत ना" असं विचारावं, उत्तरातच आकडा मिळतो आणि समोरच्यालाही बरं वाटतं.

तारीख किंवा हॉल बदलला तर ज्या क्रमानं बोलावलं त्याच क्रमानं, आणि मेसेजवर न विसंबता प्रत्येकाला फोन करून कळवतात, बाहेरगावच्यांना सगळ्यात आधी कारण त्यांना तिकीट रद्द करून नवं काढायचं असतं.