‘जाळी काढली की आरएक्स पळते’: खुलासा

आर्वीपासून वणीपर्यंत कोणत्याही गॅरेजात हे ऐकू येतं: यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलच्या सायलेन्सरची जाळी (आवाज दाबणारी आतली नळी) काढा, पिकअप वाढतो. वाढतो तो आवाज.

ही गाडी टू-स्ट्रोक. सिलिंडर भरताना पेट्रोल-हवेचं थोडं ताजं मिश्रण जळलेल्या धुरासोबत बाहेर निसटतं. सायलेन्सरच्या पोटातला मागचा निमुळता भाग दाबाची लाट परत फेकतो आणि ते मिश्रण पोर्ट (धूर बाहेर जायचं भोक) बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये ढकललं जातं. पोट कापलं की ही लाटच बिघडते. नुसती जाळी काढली तरी धूर मोकळा सुटतो आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडू लागतं. मग फुल थ्रॉटलवर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो, नाहीतर त्याच्या डोक्याला भोक पडतं.

ड्रॅगसाठी (सरळ पट्ट्यावरची छोटी शर्यत) जाळीतली काजळी साफ करून ती परत बसवा. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दाताने लहान घ्या. उठाव मिळेल, टॉप स्पीड जाईल. क्लच प्लेटा घासल्या असतील तर बाकी सगळं पाण्यात.

मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) मात्र ऋतू पाहून. मेच्या ४५ अंशांतली हवा विरळ, डिसेंबरच्या पहाटेची दाट. उन्हाळ्यात नेमका बसवलेला जेट थंडीत कमी पडतो. फुल थ्रॉटलवर असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करा, स्पार्क प्लग काढा: चॉकलेटी असेल तर ठीक, पांढरा असेल तर जेट एक नंबर मोठा, काळा-ओला असेल तर लहान.

आणि हे सगळं बंद ट्रॅकवर. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे, रस्ता कितीही रिकामा असो.